सूत्रात नसलेला साहेब

मार्च १९५७ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओ इंजिनिअर मंडळींच्या एका नामांकित नियतकालिकात एक लेख छापून आला. लेखक होता विल्यम शॉकली. ट्रान्झिस्टरसाठी त्याला नोबेल जाहीर होऊन तेव्हा चार-पाच महिनेच झाले होते. पण लेख ट्रान्झिस्टरवर नव्हता, संशोधन करणाऱ्या माणसांवर होता. एकाच प्रयोगशाळेत, साधारण सारख्या शिक्षणाची माणसं बसलेली असतात. त्यातला एक ढीगभर शोधनिबंध आणि पेटंटं काढतो आणि शेजारच्याच्या नावावर काहीच नसतं. असं का, हा त्याचा प्रश्न.

शॉकलीचं उत्तर मोठं गमतीचं आहे. तो म्हणतो, एक निबंध पुरा व्हायला आठ गोष्टी लागतात. योग्य प्रश्न निवडता येणं, त्यावर काम करता येणं, हाती लागलेलं मोलाचं आहे हे ओळखता येणं, कुठे थांबायचं ते कळणं, नीट लिहून काढणं, टीकेतून शिकणं, लेख पाठवून द्यायचा निश्चय, आणि दुरुस्त्या सांगितल्या तर त्या करायची चिकाटी. आणि या आठ गोष्टींची बेरीज होत नाही, गुणाकार होतो! म्हणजे एक माणूस दुसऱ्यापेक्षा प्रत्येक बाबतीत फक्त दीडपट बरा असला, तर दीड गुणिले दीड असं आठ वेळा. लहानपणी ज्यांनी दिडकी पाठ केली आहे त्यांनीसुद्धा हे कागदावर करून बघावं. उत्तर पंचवीसच्या वर जातं. थोडासा बरा माणूस पंचवीसपट काम कसा करतो, त्याचं हे स्पष्टीकरण.

मला हे सूत्र मनापासून आवडलं. आणि मग लक्षात आलं की हे ज्या वर्षी छापलं त्याच वर्षीच्या सप्टेंबरात शॉकलीच्या स्वतःच्या प्रयोगशाळेतून आठ उत्तमातले उत्तम लोक एकाच दिवशी राजीनामा देऊन निघून गेले. आठ घटक आणि आठ माणसं, हा निव्वळ योगायोग. पण सूत्रात काय राहून गेलं होतं ते समजायला ही आठ माणसं फार उपयोगी पडतात.

*

आधी थोडं मागे जाऊ. शॉकली बेल लॅब्जमध्ये एका गटाचा प्रमुख होता. डिसेंबर १९४७ मध्ये त्याच्या गटातल्या जॉन बार्डीन आणि वॉल्टर ब्रॅटन या दोघांनी पहिला ट्रान्झिस्टर चालवून दाखवला. एखाद्या साहेबाला केवढा आनंद झाला असता! शॉकलीला झाला, पण त्यात एक काटा होता. त्या यंत्राच्या पेटंटवर त्याचं नाव येणार नव्हतं. मग त्याने एकट्याने, गटाला न सांगता, महिनाभर डोकं चालवून त्याहून सरस अशा जंक्शन ट्रान्झिस्टरची कल्पना मांडली. हे कामही अस्सल आणि थोर दर्जाचं, त्याबद्दल वाद नाही.

मात्र त्यानंतर त्याने बार्डीन आणि ब्रॅटन यांना त्या कामापासून दूरच ठेवलं. कंपनीने प्रसिद्धीसाठी तिघांचा एक फोटो काढला. त्यात उपकरणासमोर खुर्चीवर बसलाय शॉकली, आणि ज्यांनी ते केलं ते दोघे मागे उभे. टेबल ब्रॅटनचं! ब्रॅटनने पुढे दुसऱ्या गटात बदली मागून घेतली. बार्डीन १९५१ मध्ये इलिनॉय विद्यापीठात गेला आणि तिथे अतिवाहकतेचा सिद्धांत मांडून १९७२ मध्ये भौतिकशास्त्राचं दुसरं नोबेल घेऊन आला. भौतिकशास्त्राची दोन नोबेल मिळवणारा तो आजवरचा एकटाच. असा माणूस हाताखाली होता आणि तो राखता आला नाही.

१९५५ मध्ये शॉकलीने बेल लॅब्ज सोडली. अर्नोल्ड बेकमन नावाच्या उद्योजकाने पैसा पुरवला आणि कॅलिफोर्नियात माउंटन व्ह्यू इथे, ३९१ सॅन अँटोनियो रोड या पत्त्यावर, एका साध्या बैठ्या इमारतीत शॉकली सेमीकंडक्टर लॅबोरेटरी सुरू झाली. शेजारच्या पालो अल्टोमध्ये शॉकलीची आई राहत होती, म्हणून ही जागा. तेव्हा तिथे जर्दाळू आणि आलुबुखारच्या बागा होत्या. आज आपले भाचे-पुतणे ज्या रस्त्यावरून गाडीने कामाला जातात, तोच हा रस्ता.

माणसं निवडण्याची शॉकलीची नजर मात्र जबरदस्त होती. बेल लॅब्जमधले जुने सहकारी यायला तयार नव्हते (का ते आता सांगायला नको), तेव्हा त्याने देशभरातून तरुण पोरं हुडकून काढली. रॉबर्ट नॉईस, गॉर्डन मूर, स्विस पदार्थविज्ञानी ज्याँ होर्नी, जे लास्ट, शेल्डन रॉबर्ट्स, व्हिक्टर ग्रिनिच, युजीन क्लायनर, ज्यूलियस ब्लँक. बहुतेक सगळे तिशीच्या आगेमागे. शॉकलीचा फोन आला तेव्हा साक्षात देवाचा फोन आल्यासारखं वाटलं, असं नॉईस पुढे सांगायचा. येणाऱ्या प्रत्येकाला न्यूयॉर्कच्या एका संस्थेत मानसशास्त्रीय चाचण्या द्याव्या लागत. नॉईस आणि मूर हुशार आहेत पण व्यवस्थापक म्हणून चालणार नाहीत, असा त्या चाचण्यांचा निकाल आला होता म्हणे. या दोघांनी पुढे इंटेल काढली. :-)

*

१ नोव्हेंबर १९५६ ला नोबेलची बातमी आली, तेव्हा शॉकली सगळ्या मंडळींना सकाळीच जवळच्या एका हॉटेलात घेऊन गेला. त्या मेजवानीचा फोटो प्रसिद्ध आहे. शॅम्पेनचे प्याले उंचावलेले, सगळे हसतायत. अकरा महिन्यांच्या आत यातलं काहीच उरलं नाही.

काय झालं? एक मोठा स्फोट वगैरे काही नाही. रोजच्या लहान लहान गोष्टी. शॉकलीने सगळ्यांचे पगार फलकावर लावले. सहकाऱ्यांना एकमेकांना गुण द्यायला लावले. कुणी एखादा निष्कर्ष आणला की त्याच्यासमोरच बेल लॅब्जमधल्या ओळखीच्या माणसाला फोन लावून हे बरोबर आहे का, ते विचारायचं. एकदा दारात काहीतरी टोकदार लागून एका कर्मचारी बाईच्या हाताला जखम झाली. शॉकलीने ठरवलं की हा घातपात आहे, आणि खोटं पकडणाऱ्या यंत्रावर लोकांची परीक्षा घ्यायचं काढलं. शेवटी रॉबर्ट्सने ती वस्तू सूक्ष्मदर्शकाखाली धरली. डोकं तुटलेली साधी टाचणी होती ती, फलकाला लावतात तसली.

आणि कामाची दिशा रोज बदलायची. सिलिकॉनचे ट्रान्झिस्टर करायचे म्हणून लोक आणलेले, पण शॉकलीच्या मनाने आता स्वतःच्या कल्पनेतल्या चार थरांच्या डायोडचा ध्यास घेतला होता. तो बनवायला महाकठीण, आणि गिऱ्हाईक जवळजवळ नाही. हे सगळ्यांना दिसत होतं. पण सांगणार कोण?

या सगळ्यात मला सर्वात बोचणारी गोष्ट अगदी शांत आहे. ऑगस्ट १९५६ मध्ये नॉईसने आपल्या वहीत एक वेगळ्याच प्रकारचा डायोड मांडला. इलेक्ट्रॉन अडथळ्याच्या आरपार निघून जातात आणि दाब वाढवला तर प्रवाह चक्क कमी होतो, असं काहीतरी. नॉईस ती वही घेऊन शॉकलीकडे गेला. शॉकलीने त्यात रस दाखवला नाही. नॉईसने वही मिटली आणि तो दुसऱ्या कामाला लागला. दीड वर्षाने, जानेवारी १९५८ मध्ये, जपानच्या लिओ एसाकीने हाच परिणाम प्रत्यक्ष प्रयोगाने सिद्ध करून प्रसिद्ध केला. एसाकीला त्याबद्दल १९७३ चं नोबेल मिळालं. नॉईसची होती ती कागदावरची कल्पना, आणि एसाकीने ती गोष्ट करून दाखवली. हा फरक मोठाच. पण करून बघ म्हणणारा साहेब मिळाला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मनातून जात नाही.

आता ते सूत्र पुन्हा बघा. आठ घटक, आणि आठही त्या एकट्या माणसाच्या आतले. त्याची निवड, त्याची चिकाटी, त्याचं टीकेतून शिकणं. तो वही घेऊन ज्याच्या दारात उभा राहतो तो माणूस सूत्रात कुठेच नाही. आणि गुणाकाराची गंमत (की दहशत?) अशी की सगळे आकडे कितीही मोठे असोत, एकाच्या जागी शून्य आलं की उत्तर शून्य.

*

मे १९५७ मध्ये सात जणांनी हिय्या करून थेट बेकमनला गाठलं. शॉकलीला सल्लागार करा, प्राध्यापकी मिळवून द्या, पण आमच्या डोक्यावरून काढा, असं त्यांचं म्हणणं. बेकमनने आधी मान डोलावली, मग माघार घेतली. नोबेलविजेत्याला बाजूला कसं करणार? तेव्हा क्लायनरने वडिलांच्या ओळखीच्या न्यूयॉर्कमधल्या एका दलाली पेढीला पत्र लिहिलं. मागणी साधीच होती, आम्हा सगळ्यांना एकत्र नोकरीवर घेईल अशी एखादी कंपनी शोधून द्या. तिथल्या आर्थर रॉक नावाच्या तरुणाने त्यांना सांगितलं, नोकरी कसली शोधताय, स्वतःची कंपनी काढा. नॉईस शेवटच्या क्षणी तयार झाला आणि साताचे आठ झाले. तीसेक कंपन्यांनी नकार दिल्यावर शर्मन फेअरचाइल्ड याची कंपनी पैसे द्यायला राजी झाली. १८ सप्टेंबर १९५७ ला आठही जणांनी राजीनामे दिले. पुढे त्यांना 'आठ गद्दार' असं नाव पडलं ते कायमचं.

इथून पुढचा भाग म्हणजे इतिहासाने आपण होऊन करून दाखवलेला प्रयोग आहे असं मला वाटतं. माणसं तीच. सिलिकॉन तेच. परिसरही तोच. फक्त साहेब बदलला, किंवा खरं म्हणजे सुरुवातीला साहेबच नव्हता. कामं त्यांनी आपापसात वाटून घेतली. रॉबर्ट्सने स्फटिक वाढवायचे, मूरने भट्ट्या सांभाळायच्या, नॉईस आणि लास्ट यांनी फोटोच्या तंत्राने नक्षी उमटवायची, ग्रिनिचने मोजमाप, क्लायनर आणि ब्लँक यांनी यंत्रसामग्री. ट्रान्झिस्टर दोन प्रकारे करता येत होता. कुठला जमेल यावर वाद घालत बसण्याऐवजी मूरचा एक आणि होर्नीचा एक असे दोन गट पाडले. वर्षभराच्या आत त्यांनी आयबीएमला शंभर ट्रान्झिस्टर पोचते केले, नग दीडशे डॉलरला एक.

मग अडचण आली. डबीत बंद केलेल्या ट्रान्झिस्टरमध्ये धातूचे बारीक कण सुटायचे आणि तो बंद पडायचा. पेन्सिलीने टकटक केली तरी बिघडायचा! होर्नीच्या वहीत डिसेंबर १९५७ पासून एक कल्पना पडून होती: सिलिकॉनवर ऑक्साइडचा जो थर येतो तो खरवडून न काढता तसाच ठेवायचा, तोच पांघरुणाचं काम करील. जाणकारांच्या मते तो थर म्हणजे घाण, काढलाच पाहिजे. पण इथे होर्नीला करून बघायला कुणी आडकाठी केली नाही. १९५९ मध्ये ते जमलं. त्या सपाट पृष्ठभागावर धातूच्या रेघा ओढून अनेक घटक एकाच तुकड्यावर जोडता येतील, हे नॉईसने त्याच वर्षी जानेवारीत वहीत लिहिलं होतं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या जॅक किल्बीने १९५८ मध्येच एकत्रित सर्किट करून दाखवलं होतं, पण कारखान्यात लाखांनी करता येईल असा रस्ता निघाला तो होर्नी-नॉईस यांच्या सपाट पद्धतीतून. १९६० मध्ये लास्टच्या गटाने तशी चिप प्रत्यक्ष बनवली. आज तुमच्या खिशातल्या फोनमध्ये जे आहे त्याचं मूळ तिथे आहे.

आणि शॉकली? त्याच्या प्रयोगशाळेतून कधीच नफा निघाला नाही. बेकमनने ती १९६० मध्ये विकून टाकली आणि १९६८ मध्ये ती बंद पडली. तो स्टॅनफर्डला प्राध्यापक झाला, आणि पुढची कितीतरी वर्षं बुद्धिमत्ता वंशावर ठरते असले विषारी सिद्धांत मांडत फिरला. माणसाला आकड्यात मोजायची खोड शेवटी तिथे जाऊन पोचली.

एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगायलाच हवी. ही आठ माणसं निवडली त्याने, आणि सिलिकॉनची बरीच विद्या त्यांना मिळाली तीही त्याच्याच छपराखाली. म्हणजे सूत्रातले आठ घटक त्याने अचूक हेरले होते.

*

एवढ्यावर गोष्ट संपवली तर ती 'वाईट साहेब, चांगला साहेब' अशी नीतिकथा होईल. इतिहास तसा सरळ नसतो. नॉईस माणूस म्हणून सगळ्यांना हवाहवासा, पण फेअरचाइल्डमध्ये त्याला कुणाला कडक शब्दांत बोलणं जमत नसे. बैठकीत लोक एकमेकांवर तुटून पडत आणि नॉईस नुसता बघत राही, अशी तक्रार अँड्रू ग्रोव्हने केली आहे. (ग्रोव्ह म्हणजे १९५६ च्या उठावानंतर हंगेरीतून पळून आलेला तरुण, पुढे इंटेलचा प्रमुख.) नवी चिप तयार होताच विक्री विभागाकडून तक्रार आली की यावर पैसे उधळले जातायत. लास्ट, होर्नी, रॉबर्ट्स आणि क्लायनर १९६१ मध्ये बाहेर पडले. प्रयोगशाळा एका गावात आणि कारखाना दुसऱ्या, त्यामुळे इथली कल्पना तिथे पोचेपर्यंत शिळी होई. आणि मूळ कंपनी पार न्यूयॉर्ककडे. कॅलिफोर्नियात कमावलेला पैसा तिकडे जायचा, आणि इथल्या लोकांना कंपनीचे शेअर द्यायला तिकडच्यांचा हात आखडता. १९६८ मध्ये सर्वोच्च पदासाठी नॉईसला डावललं, आणि तो मूरला घेऊन बाहेर पडला. त्या जुलैमध्ये इंटेल सुरू झाली. भांडवल पुन्हा आर्थर रॉकनेच उभं केलं, पंचवीस लाख डॉलर.

इंटेलमध्ये १९६९ साली टेड हॉफ नावाच्या इंजिनिअरकडे एका जपानी कॅल्क्युलेटर कंपनीशी बोलणी करायचं काम होतं. गिऱ्हाइकाला हवा होता अनेक चिपांचा किचकट संच. हॉफला वाटलं, एवढ्या वेगवेगळ्या चिपा कशाला? एकच सर्वसाधारण चिप करू, जिला आज्ञा देऊन हवं ते करून घेता येईल. कंपनी जेमतेम वर्षाची, हातात माणसं कमी, धंदा मेमरीचा, आणि गिऱ्हाइकाने हे मागितलेलंही नाही. हॉफ नॉईसकडे गेला. नॉईस त्याला म्हणाला, करून बघ.

१९५६ मध्ये वही घेऊन गेलेला मुलगा आता टेबलाच्या पलीकडे बसला होता. त्याच्या मनात त्या दिवशी ते जुनं काही आलं का, कोण जाणे. पण त्या दोन शब्दांतून १९७१ च्या नोव्हेंबरात ४००४ हा मायक्रोप्रोसेसर बाजारात आला.

अर्थात नुसत्या 'करून बघ'ने तो झाला नाही. तो प्रत्यक्ष सिलिकॉनवर उतरवला फेडेरिको फॅगिनने, एप्रिल १९७० मध्ये रुजू होऊन, रात्रीचा दिवस करून. चिपच्या कोपऱ्यात त्याने आपली आद्याक्षरं कोरून ठेवली. बरं केलं, कारण श्रेय पुष्कळ वर्षं मुख्यतः हॉफच्याच नावावर जमा होत राहिलं. १९७४ मध्ये फॅगिन इंटेल सोडून गेला आणि त्याने झायलॉग काढली. ब्रॅटनच्या टेबलाशी बसलेल्या शॉकलीचा तो फोटो आठवतो ना? रोग जुनाच, आणि चांगल्या घरांतही निघतो.

*

हे सगळं मी का उगाळत बसलोय? गेली काही वर्षं माझ्याही हाताखाली माणसं आहेत. आमच्या धंद्यात दर वर्षी अप्रेझलचा मोसम येतो. घंटेच्या आकाराच्या आलेखात माणसं बसवायची, अमुक टक्के वर, अमुक टक्के खाली. त्या तक्त्यातले सगळे रकाने समोरच्याबद्दल असतात: त्याची पुढाकार घेण्याची वृत्ती, त्याचं संवादकौशल्य, त्याची चिकाटी. शॉकलीचेच आठ घटक, नवीन नावांनी. या माणसाने वर्षभरात किती वेळा काही नवं दाखवायला आणलं आणि तेव्हा तुम्ही काय म्हणालात, असा रकाना मी अजून कुठल्याच तक्त्यात पाहिलेला नाही.

आणि तो भरणं सोपंही नाही. कारण ज्या कल्पना मेल्या त्यांची नोंद कुठेच राहत नाही. नॉईसची वही राहिली म्हणून आपल्याला कळलं. बाकीचे लोक 'बरं सर' म्हणून जागेवर जाऊन बसतात, आणि पुढच्या वेळी येत नाहीत. साहेबाला वाटतं, आपल्या टीममध्ये कुणाला काही सुचतच नाही बुवा.

असो. माउंटन व्ह्यूला राहणाऱ्या मंडळींना एक सुचवतो. ३९१ सॅन अँटोनियो रोडवरची ती जुनी इमारत पाडली, तिथे आता चकचकीत नवं बांधकाम आहे. पण २०१८ मध्ये तिथे एक स्मारक-पाटी लावली आहे, आणि फुटपाथवर सेमीकंडक्टर घटकांच्या माणसाहून उंच प्रतिकृती उभ्या केल्या आहेत. त्यात शॉकलीचा तो चार थरांचा डायोडसुद्धा आहे, ज्याच्यापायी एवढं रामायण घडलं. रविवारी भाजी आणायला निघालात तर पाच मिनिटं थांबून बघून या.